एकशे चाळीसची वेस

“बेंजो थांबवा! अहो, कुणीतरी तो बेंजो थांबवा!”

ओरडणारी माझी बायको. जागा मोहने, माझ्या भाच्याच्या हळदीचा मांडव. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून उभी राहिलेली, एका हातात मोबाइल, दुसरा हात ट्रॅफिक पोलिसासारखा वर. आवाज असा लागला की पलीकडच्या बंद पडलेल्या रेयॉन कंपनीचा भोंगा पुन्हा वाजला असं समजून तीन म्हातारे डबा घेऊन पाळीला निघाले, असं मी आजही सांगतो. तीन नव्हते. एकच उठलेला, आणि तोही जेवणाच्या रांगेकडे.

बेंजोवाल्याचा हात तारांवरच राहिला. मागचे ढोल एकेक करून गप्प झाले. एक ढोलवाला डोळे मिटून एकटाच बडवत होता, त्यालाही कुणीतरी कोपर मारलं. मग त्या शांततेत बायको मोबाइलकडे बघत म्हणाली, “वेस ओलांडली. एकशे पन्नासच्या वर गेलंय.”

मांडवाच्या मधोमध मी. तोंड पिवळं, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे, नवा सदरा तर पिठल्यात बुडवून काढल्यासारखा. आत्तापर्यंत माझ्या अंगाला अंग घासून नाचणारी माणसं एकदम मागे सरकली आणि साप निघाल्यावर होतं तसं माझ्याभोवती रिंगण मोकळं झालं. हात लावू नका, करंट लागेल, असं कुणीतरी कुणालातरी सांगत होतं. ही अफवा होती. पसरवलेली मीच.

ही वेस काय आणि ओलांडली म्हणजे काय, ते आधी सांगून घेतो. तोवर मी तसाच उभा आहे असं समजा.

माझ्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, एक मशीन बसवलेलं आहे. काड्यापेटीहून थोडं मोठं. भाजी मार्केटात भेंडी निवडता निवडता मी आडवा झालेलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले की हृदय कमजोर आहे, ठोके कधीही बेलगाम सुटतील, आणि सुटले तर हे मशीन आतल्या आत झटका देऊन त्यांना ठिकाणावर आणील. मला वाटलं, चला, बिल्डिंगला वॉचमन आहे तसा आता मलाही.

पण वॉचमन नवा असला की चोर सोडून घरमालकालाच काठी घालतो. आमचं गाव डोंबिवलीने केव्हाच गिळलं, शेतं गेली, मिठागरं गेली, तरी हौशी घरांत शर्यतीचे बैल अजून आहेत. टॉवरच्या पार्किंगमध्ये, गाड्यांच्या रांगेत बांधलेले. त्यातला एक सुटला आणि मी मागे धावलो. ही गोष्ट मी सांगतो तेव्हा बैल हत्तीएवढा असतो, वाटेत दोन रिक्षा आडव्या करतो, आणि मी त्याचं शेपूट धरून कल्याणपर्यंत जातो. खरं म्हणाल तर वासरू होतं, आणि मी पानाच्या टपरीपर्यंत पोचलेलो. तिथे छातीत आतून लाथ बसली. बाहेरून बसलेली लाथ कुठून आली ते दिसतं तरी. ही आतून. मी जमिनीवर, आणि वासरू माझं तोंड चाटत उभं.

डॉक्टरांनी छातीवर त्यांचं यंत्र धरून मशीनला विचारलं, काय झालेलं. तर झालं होतं एवढंच की धावल्यामुळे ठोके वाढले आणि मशीनला वाटलं मी मरतोय. त्याने धावण्यात आणि मरण्यात गल्लत केली. त्यांनी मशीनची मापं बदलली, आता एकशे सत्तरच्या खाली ते डोळा उघडणार नाही म्हणाले, आणि घरी पाठवलं.

मशीन सुधारलं. मी बिघडलो.

मी जिना सोडला. मग चालणं सोडलं. कढत चहाने ठोके वाढतात असं कुणीतरी म्हणालं म्हणून चहा गार करून प्यायला लागलो. क्रिकेट बंद, भावाशी जमिनीवरून भांडणं बंद, भावालाच चुकल्यासारखं व्हायला लागलं. डावा हात तर चोरीचा माल धरावा तसा छातीशी आवळून बसायचो, हलवला तर आतली वायर सुटेल म्हणून. इतका की पुढे खांदाच आखडला. आंघोळीला दार उघडं आणि दाराबाहेर बायको पाटावर. ती दर दोन तांब्यांनी हाक मारायची, मी हुं म्हणायचो. हसण्यानेही ठोके वाढतात हे लक्षात आल्यावर मी थापा मारणंही थांबवलं. तेव्हा गावाला कळलं की प्रकरण गंभीर आहे. लोक भेटायला यायला लागले.

रात्र सोडा, दिवसा उन्हात खुर्चीवर बसलेलो असताना मी त्या लाथेची वाट बघायचो. कुणी दार आपटलं की आली. कुकरची शिट्टी झाली की आली. ती येत नव्हती, आणि न येणारी लाथ आलेल्या लाथेपेक्षा जास्त लागते, हे मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तिने विचारलंही नाही.

शेवटी डॉक्टरांनीच नौपाड्यात धाडलं. तिथे एका इमारतीत पहिल्या मजल्यावर अशाच मशीनवाल्या माणसांना व्यायाम शिकवतात. मला वाटलं, लिहिण्यात चूक झाली असेल. ज्याला धावल्यावर लाथ बसते त्याला फिरत्या पट्ट्यावर चालवायचं? पण बायकोने पिशवी भरली, पाण्याची बाटली, गूळ, डोंगरावरच्या आईचा अंगारा, टॉवेल, आणि शिळफाट्याच्या ट्रॅफिकमधून मला रिक्षाने नेऊन तिथे उभं केलं. सगळी वाट मी म्हणत होतो की आज बंद असेल.

शिकवणारी म्हणजे आमच्या सुनेहून लहान पोरगी. आवाजात चढ नाही, उतार नाही. बसस्टॉपवर पुढची बस कधी आहे ते सांगावं तसं सगळं सांगायची. छातीला वायरी चिकटवल्या, स्क्रीनवर माझे ठोके दिसायला लागले, आणि तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझा डावा हात छातीपासून सोडवला. “काका, ते काचेचं नाहीये. हात वर घ्या. हळू. अजून.” सांध्यात जुन्या शटरचा आवाज झाला. मी शपथेवर सांगतो, खालच्या दुकानदाराने वर बघितलं असणार.

मग तिने विचारलं, तुम्हाला नेमकं काय करता यायला हवंय?

सगळे म्हणतात जिना, बाजार, देवदर्शन. मी म्हटलं, नाच.

कारण असं. माझी धाकटी बहीण मोहन्याला दिलेली. तिचा नवरा त्या रेयॉन कंपनीत होता, आता नाही, म्हणजे दोन्ही नाहीत. पोर लहान होतं तेव्हा मी तिच्या दारात उभं राहून शब्द दिलेला की ह्याचं पुढचं सगळं मामाकडे. आता त्या पोराचं लग्न ठरलं, मुलगी खडवलीची. आणि आमच्या लोकांत हळदीला नवऱ्या मुलाला खांद्यावर घेऊन नाचवतो तो मामा. मामा नसला तर चुलते घेतात. कुणी काही बोलत नाही. पण बायका बघतात, आणि बघितलेलं विसरत नाहीत. बहिणीने फोनवर सांगितलेलं, “दादा, तू नुसता खुर्चीवर बस. मना तेवढा पुरे.” तिने माझ्या काळजीपोटी म्हटलं. मला मात्र त्या खुर्चीवर मी फोटोसारखा ठेवलेला दिसलो, हार घालायचा बाकी.

शिकवणाऱ्या पोरीने ऐकून घेतलं. खांद्यावर नवरा घ्यायचा नाही, हे एक. पण नाचायला हरकत नाही. मशीन एकशे सत्तरला जागं होतं, आपण एकशे चाळीसच्या आत राहायचं, मधे मोकळी जागा ठेवायची. ती त्याला काहीतरी इंग्रजी म्हणाली, मी वेस म्हटलं. गावाची वेस. आत आहोत तोवर आपलं राज्य, बाहेर रान. हळू सुरू करायचं, एकदम थांबायचं नाही, आकडा चढला तर चालत राहायचं आणि श्वास लांब सोडायचा. आणि सगळ्यात मोठी खूण, बोलता आलं पाहिजे. पूर्ण वाक्य, न अडखळता. ती म्हणाली, “घड्याळ कधी कधी चुकतं. तोंड चुकत नाही. काका, तुम्ही गप्प झालात तर मी बघायला येईन.”

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी बोलण्याचं औषध दिलं. मी पट्ट्यावर चालता चालता बैल सांगितला, मिठागरातली मगर सांगितली, आजोबांनी खाडीतून एका हाताने ओढून आणलेलं गलबत सांगितलं. शेजारी सायकल मारणारे एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांच्याही छातीत मशीन. ते शांतपणे म्हणाले, “आपण थोडे कमी बरे झालात तरी चालेल.” पुढे मी मोबाइलवर हळदीचा बेंजो लावून पट्ट्यावर पाय टाकायला लागलो, तेव्हा ते सायकल उचलून खिडकीकडे जाऊन बसले.

बायको मात्र बाकावर. पिशवी मांडीवर, नजर स्क्रीनवर. पट्टा सुरू झाला की ती पुढे सरकून बसायची, थांबला की मागे टेकायची. पोरगी तिला एकदा म्हणाली की काकी, बसून काय करता, चला दोन फेऱ्या मारा. ती म्हणाली, मना काय झालंय, आणि पिशवी कोण धरील?

हळदीसाठी आमच्या पोराने मला ठोके मोजणारं घड्याळ आणलं. मनगटावर घड्याळ, आकडा बायकोच्या मोबाइलवर. म्हणजे मी नाचायचं आणि तिने वेशीवर पहारा द्यायचा.

तर तो मांडव. मी अजून तिथेच उभा आहे.

एकशे पन्नासच्या वर, हे ऐकल्याबरोबर माझा डावा हात पुन्हा छातीशी गेला. खरं तर मी मजेत होतो. नवऱ्याला चुलत्याने खांद्यावर घेतलेलं, पण त्याचे दोन्ही हात माझ्या हातात, पुढून नाचवणारा मी, आणि बहीण समोर उभी राहून बघत होती. दमही फारसा लागला नव्हता. पण अंग म्हणतंय ठीक आहे आणि मोबाइल म्हणतोय मेलास, तर माणूस विश्वास मोबाइलवर ठेवतो.

एकदम थांबायचं नाही. मी चालायला लागलो. रिंगणात, घाण्याच्या बैलासारखा, गोल. श्वास लांब सोडत. चुलत्याने भाच्याला खाली उतरवलं होतं, त्याचा चेहरा हळदीखालीही पांढरा दिसत होता. आता आकडा उतरेल, मी मनात म्हटलं. पट्ट्यावर दर वेळी उतरतो.

“एकशे अठ्ठावन्न,” बायको म्हणाली.

मी पाय आणखी हळू टाकले. मला ती जागा डाव्या खांद्याखाली गरम व्हायला लागल्यासारखी वाटली. लाथ येण्याआधी असं होतं का? मला आठवेना. पानाची टपरी आठवली, वासराची खरखरीत जीभ आठवली. इथे पडलो तर भाच्याच्या हळदीत पडलो, हे पोराच्या लग्नाला जन्मभर चिकटेल. बहिणीच्या नशिबी मांडवातच पुन्हा… त्यापुढे मी विचार केला नाही.

“एकशे बासष्ट. अहो, बसा. नको, बसू नका. काय करायचं ते करा हो!”

मी करतच होतो. जे शिकवलं ते सगळं करत होतो, आणि आकडा चढतच होता.

तेवढ्यात बहीण रिंगणात आली. एवढ्या गर्दीतून आत आली ती एकटीच. करंटची अफवा तिनेही ऐकलेली, तरी तिने माझा पिवळा दंड धरला आणि माझ्याबरोबर चालायला लागली. नौपाड्यातलं सगळं मी तिला फोनवर मीठमसाला लावून सांगितलेलं.

“दादा, बोल.”

मी मान हलवली.

“गप नको ऱ्हाऊ. बोल रं काय तरी. तो तुझा बैल सांग.”

बैल सांगायची ही वेळ नव्हती. तरी सुरू केलं. बैल सुटला. टॉवरचं गेट शिंगावर घेतलं. आज त्याला कल्याण पुरेना, म्हणून त्याला मी उल्हास नदीत घातला, मोहन्याच्या बंधाऱ्यावरून उडवला, पलीकडे रुळांच्या कडेने टिटवाळ्याच्या पुढे काढला, स्टेशनमास्तरने हिरवं निशाण दाखवलं, आणि थेट खडवलीला नवरीच्या अंगणात नेऊन तिच्या बापाने वाळत घातलेले पापड त्याला खायला घातले. शेपूट अर्थातच माझ्या हातात. कोपऱ्यातल्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच दाबलं.

“एकशे सहासष्ट!” बायको आता रडत होती.

बहीण थांबली. मला सोडलं आणि खुर्चीकडे गेली.

“वयनी, ह्यो एका दमात खडवलीला जाऊन आयला. कुठं अडाकला नाय, कुठं थांबला नाय. ह्यो आकडा ह्याचा नाय.”

“मग कुणाचा?”

बहिणीने तिचा मोबाइलचा हात खाली ओढला आणि हिरव्या बांगड्या मनगटाकडे सरकवल्या. बांगड्यांच्या मागे, कोपराच्या जरा खाली, काळा पट्टा. माझं घड्याळ.

तेव्हा मला आठवलं. भाच्याच्या आत्या हळदीचं पातेलं घेऊन माझ्याकडे निघाल्या तेव्हा नवं घड्याळ खराब होईल म्हणून बायकोने झटकन सोडवलेलं. हातात मोबाइल, काखेत पिशवी, ठेवायला जागा नाही, म्हणून आपल्याच हातावर चढवलं. मग कुणीतरी तिला नैवेद्याला हाक मारली आणि ते राहिलं ते राहिलंच. माझे हात कोपरापर्यंत लडबडलेले, त्या चिखलात घड्याळ आहे की नाही हे कोण बघतं?

मांडव हसायला हवा होता. पुढे हसला, अजून हसतो. पण त्या क्षणी कुणी हसलं नाही, कारण बायको त्या पट्ट्याकडे दुसऱ्या कुणाचा हात असल्यासारखी बघत होती.

“म्हणजे हे सगळं माझं?” ती म्हणाली.

तिला आम्ही खुर्चीवरून उतरवलं. बसायला निघाली, मी बसू दिलं नाही. एकदम थांबायचं नसतं, हे मांडवात फक्त मलाच माहीत होतं. तिची पिशवी बहिणीकडे दिली, तिचा हात धरला आणि रिंगणात फिरवलं. श्वास लांब सोड म्हटलं. ती म्हणाली, जमत नाय. मी म्हटलं, मलाही आधी जमत नव्हतं. बेंजोवाल्याने कुणी न सांगता हळूच एक-दोन तारा छेडायला सुरुवात केली, पाळण्यातल्या पोरासाठी वाजवावं तसं. भाचा मोबाइल धरून आमच्या मागे चालत होता आणि आकडे सांगत होता, आणि ते उतरत होते. सहासष्टवरून पन्नास. पन्नासवरून चाळीस. वेशीच्या आत आली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, टपरीवर तुम्ही पडलात त्या दिवसापासून हे असंच धडधडतं. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही तरी कुठे सांगितलंत.

मग मी भाच्याचे हात पुन्हा धरले, चुलत्याने त्याला पुन्हा उचललं, आणि आम्ही नाचलो. घड्याळ बायकोच्याच हातावर राहिलं. माझ्यावर लक्ष ठेवायला माझं तोंड होतं, ते चालूच होतं.

पुढच्या वेळी नौपाड्यात मी त्या पोरीला हे सगळं सांगितलं. बैलासकट, म्हाताऱ्यांसकट, भोंग्यासकट. हळदीला आलेली माणसं मी जरा वाढवून सांगितली, एवढी की मोहन्यात मावली नसती. हेडमास्तर खिडकीजवळून सायकल थांबवून ऐकत होते. ती माझ्या छातीच्या वायरी काढत होती, हसली नाही. मान वळवून बाकावरच्या माझ्या बायकोला विचारलं, किती दिवस होतंय असं. बायको पदराशी चाळा करत म्हणाली की होतं आपलं, ह्यांचा पट्टा सुरू झाला की.

पोरीने वायरी गुंडाळून खणात ठेवल्या.

“डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि काकी, बुधवारी बूट घालून या. पिशवी काका धरतील.”